चारशे वीस मिली

२९ डिसेंबर २०२१, दुपारचे चार वाजले असतील. पोलीस ठाण्यातून एक हवालदार आमच्या कार्यालयात पत्र घेऊन आला. 'छापा कारवाईकामी दोन शासकीय पंच उपलब्ध करून द्यावेत, ही विनंती.' साहेबांनी पत्र वाचलं आणि चष्म्यावरून हॉलभर नजर फिरवली. कुणाकडे पाहुणे यायचे होते, कुणाची बीपीची गोळी घरी राहिली होती. सगळे एकदम फायलींत बुडाले. उरलो मी आणि आमचे शिपाईमामा.

"चला, चाय तरी गावतली," मामा म्हणाले आणि चपला घालून तयार झाले.

गाव सिंधुदुर्गात, किनाऱ्याला लागून. यापेक्षा जास्त सांगत नाही, कारण त्या मुलाची आई आणि मी आजही एकाच बाजारात मासे घेतो.

घर ओळखीचंच निघालं. पुढे माडाची बाग, बागेत पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या, मागे जुनं कौलारू घर. मुलगा चोवीस वर्षांचा. आमच्या वाडीत कुणाचा ऑनलाइन फॉर्म अडला की याच्याकडे पाठवायचे. गाडीतून उतरताना पोलिसांचे साहेब म्हणाले की हा टेलिग्रामवर एक ग्रुप चालवतो, चारशेच्या वर माणसं आहेत, गोव्यापासून पुण्यापर्यंत. विकणारे वेगळे, घेणारे वेगळे. हा मधला. भाव ठरवून द्यायचे, पैसे आधी आपल्याकडे ठेवायचे, माल पोचल्याचा फोटो आला की विकणाऱ्याला सोडायचे आणि आपला वाटा कापून घ्यायचा. मला तेव्हा त्यात फार काही वाटलं नाही. आंब्याच्या पेट्यांचे दलाल हेच करतात, असा विचार मनात येऊन गेला, हे मी कोर्टात सांगितलेलं नाही.

आधी त्याला विचारलं गेलं की तुझी अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घेतली जावी, हा तुझा हक्क आहे. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याचं कलम ५०. हे सहसा लेखी विचारतात आणि लेखी उत्तर घेतात. तालुक्याचे एक अधिकारी त्यासाठी सोबत आणलेलेच होते. मुलगा नुसता "घ्या" म्हणाला. त्याची आई मागीलदारी चुलीवर पाणी तापवत होती. ती दारात येऊन उभी राहिली, हातात फुंकणी तशीच.

कपाटात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गांजा निघाला, वजन एक किलो एकशे चाळीस ग्रॅम. ते पोलिसांच्या काट्यावर झालं. मग एका वहीच्या प्लास्टिकच्या कव्हरातून चांदीच्या कागदाची घडी निघाली. उघडली तर आत कागदाचा तुकडा, त्यावर आखल्यासारखे चौकोन, प्रत्येकावर पिवळ्या सूर्याचं चित्र. चौकोन माझ्या करंगळीच्या नखाएवढा. मोजले, बत्तीस. मला वाटलं लहान मुलांची चिकटवायची चित्रं आहेत. साहेब म्हणाले, एलएसडी. कागदात जिरवलेली नशा.

पोलिसांचा काटा या कागदाला दाद देईना. आकडा शून्यावरून हलेचना. म्हणून बाजारातल्या सोनाराला बोलावलं. तो दुकानाचं शटर ओढून, आपला काटा काचेच्या पेटीसकट मांडीवर धरून मोटरसायकलवर मागे बसून आला. टेबल हलत होतं, त्याच्या पायाखाली पुठ्ठा दिला. पंखा बंद केला. तरी खिडकीतून खारा वारा येत होता आणि शेवटचा आकडा नाचत होता. ०.४१, ०.४३, परत ०.४१. खिडकी लावली. पेटीची काच सरकवली. सगळे श्वास धरून उभे, जणू कुणाच्या लग्नाच्या मंगळसूत्राचं वजन चाललंय. आकडा ०.४२ वर थांबला. सोनार सवयीने म्हणाला, "चारशे वीस मिली."

एक शिपाई फिसकन हसला. मुलगाही किंचित हसला, हे मला नीट आठवतं. त्या खोलीत त्या आकड्याचा कायद्यातला अर्थ साहेब आणि बहुधा तो मुलगा सोडला तर कुणालाच माहीत नव्हता. पण मग तो हसला का, हे मला अजून कळलेलं नाही.

या सगळ्या वेळात एक हवालदार कोपऱ्यात मुलाचा फोन हातात घेऊन बसला होता आणि दर थोड्या वेळाने पडद्यावर अंगठा फिरवत होता. स्क्रीन बंद पडली की पासवर्ड आला, आणि पासवर्ड मुलगा सांगेलच असं नाही. तासभर त्याचं एवढंच काम. चहा आला तोही त्याने डाव्या हाताने घेतला.

फोनमधले मेसेज आम्हा पंचांना दाखवले आणि एकेक करून त्याचे फोटो काढले. भाषा माशांची. बांगडा म्हणजे गांजा, सुरमई म्हणजे ही सूर्याची चित्रं. 'आज ताजी सुरमई, १५०० ला तुकडा, पार्सल पुणे.' मामा चष्मा लावून वाचत होते. तारखेवर बोट ठेवून ते म्हणाले, "जुलैत खंयची रे सुरमई?" १ जून ते ३१ जुलै आमच्याकडे यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. साहेबांनी मामांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मामा निवृत्तीपर्यंत विसरले नाहीत. मला ती गोष्ट त्यांनी निदान पन्नास वेळा सांगितली असेल.

रात्री साडेदहापर्यंत सह्या चालल्या. पंचनाम्याच्या प्रत्येक पानावर, प्रत्येक पाकिटाच्या लेबलावर, खाकी कागदावर, दोऱ्यावर ओतलेल्या लाखेच्या शेजारी. लाख मेणबत्तीवर वितळवायची, ठिबकवायची, त्यावर पितळेचं सील दाबायचं. माझ्याकडे निळ्या जेलचं पेन होतं. ते मी लेकीच्या दप्तरातून उचलून आणलं होतं. या पेनाबद्दल पुढे सांगतो.

निघताना मुलाची आई कुणाशीच बोलली नाही. मला मात्र तिने हळूच विचारलं, "सोडतीत मां उद्या?"

मी म्हटलं, हो, सोडतील. मला खरंच तसं वाटलं होतं.

सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही, त्या वर्षात नाही. का नाही, हे समजून घेण्यासाठी मी कायद्याचं पुस्तक विकत आणलं. कारकुनाची खोड. एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात प्रत्येक अमली पदार्थाच्या दोन पायऱ्या ठरवल्यात, अल्प प्रमाण आणि व्यापारी प्रमाण. गांजाचं अल्प म्हणजे एक किलोपर्यंत, व्यापारी म्हणजे वीस किलो. अल्पाला एक वर्षापर्यंत शिक्षा, मधल्याला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाण झालं की कमीत कमी दहा, जास्तीत जास्त वीस, आणि दंड किमान एक लाख. न्यायाधीशांना दहाच्या खाली यायला वावच नाही. जामिनाचं कलम ३७ तर असं, की आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, अशी कोर्टाची आधी खात्री पटली पाहिजे. खटला उभा राहायच्या आधी ती कशी पटायची?

गांजा एक किलो एकशे चाळीस, म्हणजे मधली पायरी. मग मी एलएसडीची ओळ शोधली. अल्प: ०.००२ ग्रॅम. व्यापारी: ०.१ ग्रॅम.

काट्यावर ०.४२ आलं होतं.

पण ते वजन कागदाचं! अशा एका चौकोनावर औषध असतं काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दहा लाखावे भाग. प्रत्येकी शंभर धरले तरी बत्तीसांचे मिळून ०.००३२ ग्रॅम. म्हणजे अल्पाच्या जरा वर, व्यापारीच्या आसपासही नाही. बाकी सगळा कागद. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध पदार्थाचंच वजन धरायचं असं म्हटलं होतं. एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते फिरवलं: भेसळीसकट, मिसळलेल्या निरुपद्रवी पदार्थासकट सगळं वजन धरायचं. आमचा छापा त्यानंतर वीस महिन्यांनी पडला. हे आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच एलएसडीच्या कागदाचं वजन शिक्षेसाठी मोजायचं ठरवून टाकलं होतं. शुद्ध एलएसडी बाटलीत ठेवणारा, मग त्याच्याकडे शेकडो डोस असेनात का, मधल्या पायरीवर राहू शकतो आणि बत्तीस डोस कागदावर ठेवणारा वर चढतो. हे मला पटत नाही. कोर्टात पंचाला पटतं की नाही हे कुणी विचारत नाही, ते बरंच आहे.

त्याचा वकील जामिनासाठी वरपर्यंत जाऊन आला. दर वेळी आंब्याची काही कलमं विकली गेली असं ऐकलं. पोरगा ओरोसच्या जिल्हा कारागृहात.

ऑगस्ट २०२३ मध्ये तिकडे दापोलीच्या किनाऱ्यांवर, कर्दे, लाडघर, केळशीकडे, चरसची पाकिटं वाहून आली. समुद्राने वाळूत आणून टाकलेली, किलो-किलोची. रोज पेपरात बातमी. चरसचं व्यापारी प्रमाण एक किलो, आता हे मला पाठ होतं. ऑफिसात सगळे चघळत होते. मामा म्हणाले, "दर्याक कोण आरोपी करतलो?"

मामा त्याच वर्षी निवृत्त झाले आणि पुढच्या पावसाळ्यात गेले. म्हणजे पंच क्रमांक दोन संपले. राहिलो मी एकटा.

समन्स आलं जानेवारी २०२५ मध्ये. आणि त्याच आठवड्यात पुण्याहून लेकीने एक बातमी पाठवली. अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी २१ जानेवारीला रॉस उलब्रिक्टला पूर्ण माफी दिली. हा कोण, मला माहीत नव्हतं. वाचत बसलो, रात्रीचे दोन वाजले. २०११ मध्ये याने 'सिल्क रोड' नावाचा बाजार इंटरनेटवर उघडला. टॉर नावाच्या लपवाछपवीच्या यंत्रणेतून शिरायचं, बिटकॉइनने पैसे द्यायचे, ड्रग्ज पोस्टाने घरी. १ ऑक्टोबर २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वाचनालयात त्याला धरलं. त्याच्या मागे दोन पोलिसांनी खोटं भांडण काढलं, हा वळून बघायला गेला आणि तेवढ्यात उघडा लॅपटॉप ओढून घेतला, बंद करायची संधीच दिली नाही. मला कोपऱ्यातला हवालदार आणि त्याचा अंगठा आठवला. युक्ती तीच, फक्त भांडणाचा खर्च वाचला होता.

मे २०१५ मध्ये त्याला दोन जन्मठेपा आणि वर चाळीस वर्षं, पॅरोलशिवाय. वय एकतीस. शिक्षेच्या आधी त्याने न्यायाधीशांना लिहिलं होतं की तरुणपण भोगून झालं, मधली वर्षं घ्या, म्हातारपण तेवढं राहू द्या. ज्यांची मुलं तिथून घेतलेल्या ड्रग्जपायी गेली असं म्हणणं होतं, ते आईबापही त्याच कोर्टात उभे राहून बोलले. हे दोन्ही एकाच दिवशी एकाच खोलीत कसं ऐकलं असेल त्या बाईंनी, न्यायाधीश बाई होत्या, हे डोक्यातून जाईना. रशियात हायड्रा नावाच्या असल्याच बाजाराच्या म्होरक्याला डिसेंबर २०२४ मध्ये जन्मठेप झाली. आणि इंग्लंडमध्ये सिल्क रोडचाच दुसरा अवतार चालवणाऱ्यांपैकी एकाला २०१९ मध्ये ५ वर्षं ४ महिने. धंदा एकच, पण देश बदलला की काटा बदलतो.

दोन दिवसांनी संध्याकाळी मुलाची आई आमच्या अंगणात. तिच्या कानावरही ती बातमी आली होती, वकिलाकडून. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"अमेरिकेत सोडलो मां तेका?"

मी म्हटलं, हो.

"माज्या झिलान तर येवडा कायच केला नाय."

काय बोलणार? आपल्या कायद्याचं कलम ३२अ मी वाचलं होतं. या कायद्याखालच्या शिक्षेत माफी नाही, सूट नाही. चांगल्या वागणुकीचे दिवस कमी होतात, ते इतर कैद्यांचे. राष्ट्रपती-राज्यपालांचा घटनेतला अधिकार आहे, पण सिंधुदुर्गातल्या एका घरातून तिथपर्यंत कोण पोचणार? मी तिला यातलं काही सांगितलं नाही. चहा विचारला.

त्यानंतर एक गृहस्थही येऊन गेले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. "सह्या पोलीस ठाण्यात घेतल्या, घरात काय झालं मी बघितलं नाही, एवढंच बोला. पोरगं सुटेल. सगळेच पंच बोलतात." फितूर होणं म्हणतात ते हे. सरकारी पंच फितूर झाला तर खात्याची चौकशी लागते, म्हणून मी नाही म्हटलं, असं मी बायकोला सांगितलं. खरं कारण ते होतं का? सोनाराची काच सरकवलेली मी पाहिली होती. न पाहिल्यासारखं करायला जीभ वळली नसती. बहुतेक.

फेब्रुवारीत साक्ष झाली. सकाळी साडेदहाला पोचलो, पुकारा झाला दुपारी पावणेतीनला. तोपर्यंत बाकावर बसून समोरच्या भिंतीवरची बुरशी पाहिली. आरोपीला आणलं तेव्हा मी ओळखलं नाही. केस पातळ झालेले, चेहरा सुजल्यासारखा. त्याने मात्र मला ओळखलं आणि मान हलवली, बाजारात भेटल्यावर हलवतात तशी.

सरतपास म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न. ते सोपं असतं, क्रमाने सांगायचं. अडचण मुद्देमाल उघडल्यावर आली. तीन पावसाळे काढलेली ती पाकिटं! खाकी कागद दमट होऊन मऊ पडलेला, लाखेचा भुगा झालेला. लेबल माझ्यासमोर धरलं. "ही सही तुमची का?" मामांची सही ठसठशीत होती, बॉलपेनची. माझ्या जागी निळसर डाग. जेलची शाई पसरून त्यात 'र'ची शेपटी तेवढी उरली होती. मी वाकून वाकून पाहिलं.

"शेपटीवरून माझी वाटते," मी म्हणालो. न्यायाधीशांनी लेखनिकाला थांबवलं आणि मला विचारलं, "'सही माझी आहे' की 'वाटते'? साक्षीदार, नीट सांगा." सगळं कोर्ट माझ्याकडे. मी परत पाहिलं. माझीच होती. "माझी आहे."

मग उलटतपास. आरोपीचे वकील शांत माणूस, आवाज चढवला नाही. पोलिसांच्या गाडीतून गेलात ना? पंचनामा कुणाच्या अक्षरात? तुम्ही वाचून सही केलीत की वाचून दाखवला? काट्याचं वैधमापनाचं प्रमाणपत्र पाहिलंत? नाही पाहिलं. काटा आधी शून्यावर होता हे पाहिलंत? पाहिलं. आकडा हलत होता? हलत होता. किती ते किती? मी सांगितलं, एकेचाळीस ते त्रेचाळीस. चांदीच्या कागदासकट वजन केलंत की काढून? काढून. औषध किती आणि कागद किती, हे तुम्हाला माहीत आहे? सरकारी वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, "साक्षीदार तज्ज्ञ नाही." प्रश्न मागे.

शेवटी ती ठरलेली वाक्यं. 'असे म्हणणे खरे नाही की, माझ्यासमक्ष काही जप्त झाले नाही. असे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.' वकील विचारतो, आपण नाही म्हणतो, लेखनिक अशा भाषेत टाइप करतो. ऐकता ऐकता 'नाही' कुठल्या बाजूचं ते कळेनासं होतं.

माशांच्या मेसेजवरून एक गंमत झाली. बचावाचं म्हणणं, आरोपी खरोखरच पर्यटकांना मासे पुरवायचा. मला वाटलं आता मामांचं वाक्य सांगावं. पण पंचाने पाहिलं तेवढंच सांगायचं, मेलेल्या पंचाचा शेरा नाही. पुढे निकालात न्यायाधीशांनी स्वतःच लिहिलं की मेसेजांच्या तारखा मासेमारी बंदीच्या काळातल्या आहेत. मामा असते तर पेढे वाटले असते.

निकाल ऑगस्टमध्ये लागला. मी गेलो नव्हतो, कुणी बोलावत नाही. कळलं ते असं: एलएसडीसाठी दहा वर्षं सक्तमजुरी, एक लाख दंड, न भरल्यास आणखी कैद. गांजासाठी वेगळी शिक्षा, दोन्ही एकत्र भोगायच्या. आत काढलेली वर्षं वजा. ग्रुपमधले विकणारे, ज्यांच्याकडून ती सूर्याची चित्रं आली, ते दोषारोपपत्रात 'फरार' होते आणि निकालातही फरारच राहिले. त्याला ओरोसहून कळंब्याला हलवलं. आता आई कोल्हापूरची एसटी धरते, महिन्यातून एकदा.

पोरगा निर्दोष होता असं मी म्हणत नाही. त्या मेसेजांत 'भैया अर्जंट है, एक्झाम के बाद पेमेंट' असं लिहिणारी मुलं होती, कॉलेजातली, माझ्या लेकीच्या वयाची. त्यांना उधारीवर देणारा माणूस हाच. ते वाचताना माझ्या पोटात कालवलं होतं आणि अजून कालवतं. पण दहा वर्षं त्या मुलांच्या वजनाने झाली नाहीत. कागदाच्या वजनाने झाली.

परवा बाजारात ती भेटली. कोळिणीशी बांगड्यांचा भाव करत होती. मला पाहून थांबली, आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं, "काट्यार खरोच तेवडा दिसलेला?"

"दिसलेलं," मी म्हणालो. तिने मान हलवली आणि पिशवी पुढे केली. कोळिणीने चार बांगडे टाकले, वर एक लहानसा.

कालच पोलीस ठाण्याचं नवं पत्र आलंय. दोन शासकीय पंच. आता नव्या कायद्याप्रमाणे झडतीचं चित्रीकरणही करायचं असतं, तरी पंच लागतातच. साहेबांनी चष्म्यावरून नजर फिरवली, सगळे फायलींत. मी ड्रॉवर उघडला, त्यातली दोन बॉलपेनं कागदावर ओढून पाहिली, चालणारं खिशाला लावलं आणि नव्या शिपायाला म्हटलं, चल.